आकडे उतरले, पण आपल्या गल्लीचा हिशेब कुणाकडे आहे?

सोमवारी, २४ जानेवारी २०२२ला मुंबईतल्या शाळा पुन्हा उघडल्या. चेंबूरमध्येही सकाळी दप्तर पाठीवर टाकून पोरं निघाली, पालकांनी संमतीपत्रं भरून दिली. त्याच संध्याकाळी महापालिकेचा रोजचा आकडा आला: दिवसभरात १,८५७ नवे रुग्ण. सतरा दिवसांपूर्वी, ७ जानेवारीच्या जुम्याच्या दिवशी, हाच आकडा २०,९७१ होता. कोरोना आल्यापासून मुंबईने एका दिवसात पाहिलेला तो सगळ्यात मोठा आकडा. दुसऱ्या लाटेतला सगळ्यात वाईट दिवस, ४ एप्रिल २०२१, तेव्हाही संख्या ११,१६३ होती.

म्हणजे लाट चढली तशी उतरलीसुद्धा. घराघरांत सुटकेचा निःश्वास टाकला जात होता, आणि तो साहजिक होता. पण त्याच संध्याकाळच्या पत्रकात आणखी एक ओळ होती, जी बहुतेकांनी पुढे पाठवलीच नाही: त्या दिवशी ११ मृत्यू झाले. आदल्या दिवशी १३. आणि ७ जानेवारीला, वीस हजारांच्या वर रुग्ण सापडले त्या दिवशी? सहा.

रुग्ण दहापटीने कमी आणि मृत्यू दुप्पट. हे कोडं नीट उलगडून घेतलं पाहिजे, कारण आपल्या वस्त्यांसाठी या लाटेचा खरा अर्थ त्यातच दडलेला आहे.

आकडा पुढे, मय्यत मागे

ओमायक्रॉनला जागतिक आरोग्य संघटनेने २६ नोव्हेंबर २०२१ला चिंताजनक प्रकार म्हणून जाहीर केलं. २ डिसेंबरला कर्नाटकात देशातले पहिले दोन रुग्ण सापडले आणि ४ डिसेंबरला डोंबिवलीत महाराष्ट्रातला पहिला. तिथून महिनाभरात मुंबई त्याने व्यापली. चिंचपोकळीच्या कस्तुरबा रुग्णालयातल्या जनुकीय तपासणीचा अहवाल त्याच सुमारास आला. त्यात मुंबईच्या २८० नमुन्यांपैकी २४८ ओमायक्रॉनचे निघाले, म्हणजे ८९ टक्के. डेल्टा आणि त्याची उपरूपं ८ टक्क्यांवर आली होती. डेल्टा तेव्हा गेलेला नव्हता, एवढं मात्र त्यावरून लक्षात ठेवायचं.

आता मृत्यू मागून का येतात, ते बघा. आज कुणाला लागण झाली तर दोन-तीन दिवसांत घसा खवखवतो, अंग तापतं. चाचणी होते, त्या दिवसाच्या आकड्यात नाव जातं. ज्याची तब्येत बिघडायची असते ती साधारण आठवड्याभराने बिघडते. मग खाट, मग ऑक्सिजन, काहींना अतिदक्षता विभाग. तिथून जे परत येत नाहीत ते दोन-तीन आठवड्यांनी मृत्यूच्या रकान्यात दिसतात. म्हणजे २४ जानेवारीचे ११ मृत्यू हे त्या दिवशीच्या १,८५७ रुग्णांमधले नव्हते, ते जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातल्या गर्दीतले होते. त्यामुळे रुग्णांचा आकडा उतरला म्हणून त्याच दिवशी 'संपलं सगळं' म्हणणं घाईचं ठरतं.

हेही प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे की ही लाट दुसऱ्या लाटेसारखी जीवघेणी नव्हती. १ मे २०२१ला मुंबईत एका दिवसात ९० जणांचा मृत्यू नोंदला गेला होता. खाटेसाठी रात्र-रात्र फोन लावणारे, सिलिंडर खांद्यावर घेऊन फिरणारे नातेवाईक आपण सगळ्यांनी पाहिले. या वेळी वीस हजार रुग्ण निघत असतानाही पालिकेच्या हिशेबातल्या सगळ्या कोविड खाटांपैकी साधारण पाचवा हिस्साच भरला होता. रोज सापडणाऱ्यांपैकी दहात आठ जणांना लक्षणंच नव्हती. अल्लाहचा शुक्र आहे.

पण 'सौम्य' या शब्दाने घात केला. ओमायक्रॉन सौम्य म्हणजे तो कुणालाच काही करत नाही, असा अर्थ घरोघरी लावला गेला. खरं गणित वेगळं आहे. शंभरातल्या दोघांना गंभीर करणारा आजार हजार जणांना झाला तर वीस जण गंभीर होतात. दोनशेतल्या एकालाच गंभीर करणारा आजार वीस हजारांना झाला तर शंभर. हे आकडे फक्त समजण्यासाठी घेतले आहेत, पण गोष्ट तीच आहे: धोका कमी असला तरी पसारा मोठा असेल तर नुकसान होतंच. दक्षिण आफ्रिकेत लाट लवकर ओसरली, कारण तिथली लोकसंख्या तरुण आहे आणि अनेकांना आधी लागण होऊन गेली होती. याच ओमायक्रॉनच्या लाटेत अमेरिकेत मात्र जानेवारी २०२२मध्ये रोज सरासरी दोन हजारांवर माणसं दगावत होती. विषाणूचा प्रकार एकच. फरक पडतो तो समोरचा माणूस किती वयाचा आहे, त्याला साखर-बीपी आहे का आणि त्याने लस घेतली आहे का, यावरून.

चेंबूरने हा धडा आधी शिकवला आहे

चाचण्यांचाही हिशेब बघू. ७ जानेवारीला मुंबईत ७२ हजारांच्या वर चाचण्या झाल्या, त्यांतल्या शंभरातल्या जवळजवळ २९ पॉझिटिव्ह आल्या. २३ जानेवारीला चाचण्या उतरून ४६ हजारांच्या आसपास आल्या आणि पॉझिटिव्ह येण्याचं प्रमाण साडेपाच टक्क्यांच्या घरात. चाचण्या कमी झाल्या म्हणून रुग्ण कमी दिसतात, असा आरोप काही जण करत होते. पण प्रमाणच इतकं खाली आलं होतं म्हणजे लाट खरोखर ओसरत होती, हे मान्य करायला हवं.

प्रश्न वेगळा आहे: चाचणी करतंय कोण?

चेंबूरला हा प्रश्न नवा नाही. जुलै २०२०मध्ये महापालिका, नीती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेने मुंबईतल्या तीन विभागांत रक्ताची तपासणी केली होती. दहिसरकडचा आर उत्तर, माटुंगा-वडाळ्याचा एफ उत्तर आणि आपला चेंबूरचा एम पश्चिम. सुमारे सात हजार लोकांचं रक्त तपासलं. झोपडपट्टीत राहणाऱ्या ५७ टक्के लोकांच्या रक्तात अँटीबॉडी सापडल्या, म्हणजे त्यांना कोरोना होऊन गेला होता. इमारतींत हे प्रमाण १६ टक्के होतं. शंभरातल्या सत्तावन्न जणांना आजार होऊन गेला आणि सरकारी यादीत त्यातली नावं बोटावर मोजण्याइतकी! ताप आला, काढा प्यायला, दोन दिवस रोजी बुडाली, परत कामाला गेले.

पुढे फेब्रुवारी २०२१मध्ये चित्र उलटं झालं. मुंबईत रुग्णवाढीचा वेग जिथे सगळ्यात आधी वाढला त्यात चेंबूरचं नाव वर होतं, आणि ते रुग्ण बहुतेक सोसायट्यांमधले होते. पालिकेने सोसायट्यांना नोटिसा पाठवल्या, इमारती सील झाल्या. काही आठवड्यांतच दुसरी लाट सगळ्या शहरावर आली.

या दोन घटना शेजारी-शेजारी ठेवून बघा. एकाच परिसरात एकीकडे टॉवर आणि दुसरीकडे पी. एल. लोखंडे मार्गावरच्या चाळी, वाशी नाक्याच्या पुनर्वसन इमारती, माहुल, लाल डोंगर. सोसायटीतला माणूस शिंक आली की चाचणी करायचा, कारण त्याला ऑफिसला कळवायचं असायचं, विम्याचा कागद हवा असायचा. वस्तीतला माणूस चाचणी टाळायचा, कारण पॉझिटिव्ह आला तर सात दिवसांची रोजी जायची. दोघांचा आजार तोच, पण आकड्यात एकच दिसायचा.

या लाटेत त्यात घरी करायच्या किटची भर पडली. मेडिकलवर तेव्हा अडीचशे रुपयांत किट मिळत होतं, पंधरा मिनिटांत दोन रेघा दिसत. सोय चांगली आहे, तिला नावं ठेवायचं कारण नाही. पण किटसोबतच्या ॲपवर निकाल टाकायचा होता, हे किती जणांनी केलं? निकाल बघितला, किट कचऱ्यात टाकलं, संपलं. म्हणूनच जानेवारीच्या मध्यात महापालिकेला औषध दुकानदार आणि वितरकांकडून किटच्या विक्रीची माहिती मागवावी लागली. म्हणजे पालिकेलाही ठाऊक होतं की संध्याकाळचा आकडा पुरा नव्हता.

शंभर टक्के लसीकरणात आपण कुठे?

तेव्हाचे पालिका आयुक्त इक्बालसिंह चहल यांनी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात एक माहिती दिली, जी मुंबईतल्या प्रत्येक मस्जिदीतून, प्रत्येक मोहल्ला कमिटीतून सांगितली जायला हवी होती. शहरातल्या १८६ रुग्णालयांत ऑक्सिजनच्या खाटांवर असलेल्या सुमारे १,९०० रुग्णांपैकी ९६ टक्के लोकांनी लशीचा एकही डोस घेतलेला नव्हता.

दुसरीकडे पालिकाच सांगत होती की मुंबईतल्या ९२ लाख ३६ हजार पात्र नागरिकांच्या पहिल्या डोसचं उद्दिष्ट आधीच शंभर टक्क्यांच्या पुढे गेलं. मग ऑक्सिजनवर पोचलेली ही बिनलशीची माणसं आली कुठून? उत्तर सोपं आहे. मुंबईच्या केंद्रांवर ठाणे, नवी मुंबई, वसई-विरार, कुठकुठच्या लोकांनी लस घेतली. ते सगळे डोस मुंबईच्या खात्यात जमा झाले. सरासरी शंभरावर गेली, आणि तिच्या पोटात ती दादी लपली जिच्याकडे कुणी गेलंच नाही, तो टेम्पोवाला लपला ज्याला वेळ मिळाला नाही, ती बाळंतीण लपली जिला शेजारणीने 'नको घेऊस' म्हणून सांगितलं.

शहराची सरासरी वस्तीला वाचवत नाही. आपल्या गल्लीत साठीच्या पुढची किती माणसं बिनलशीची आहेत, हा आकडा कुठल्याही पत्रकात छापून येणार नाही. तो आपणच काढायचा आहे.

भीती कुठून आली, तेही बोलू

नोव्हेंबर २०२१मध्ये तेव्हाचे आरोग्यमंत्री राजेश टोपे म्हणाले होते की मुस्लिमबहुल भागांत लशीबद्दल संकोच आहे आणि तो दूर करायला सलमान खानची मदत घेऊ. काही लोकांना हे लागलं. 'आमच्यासाठी सिनेमाचा हिरोच लागतो काय?' असा सूर निघाला. आम्हाला वाटतं, राग बाजूला ठेवून यात दोन गोष्टी मान्य कराव्यात. संकोच आहे, हे खरं. आणि तो हवेतून आलेला नाही, हेही तितकंच खरं.

मार्च-एप्रिल २०२० आठवा. निजामुद्दीनच्या तब्लिगी मरकजचं निमित्त करून टीव्हीवर आजाराला धर्म चिकटवला गेला. भाजीवाल्याला नाव विचारून हाकलण्यापर्यंत गोष्ट गेली. त्याच दिवसांत, ३० मार्चला, मुंबई महापालिकेने कोविडच्या सगळ्या मयतांचं धर्म न बघता दहन करण्याचं परिपत्रक काढलं आणि विरोध होताच त्याच दिवशी बदललं. वांद्र्याच्या कब्रस्तानात दफन नको म्हणून काही जण उच्च न्यायालयात गेले. २२ मे २०२०ला मुंबई उच्च न्यायालयाने दफनाला असलेली हरकत फेटाळली, कारण मयतापासून विषाणू पसरतो याला शास्त्रीय आधार नव्हता. आणि २१ ऑगस्ट २०२०ला औरंगाबाद खंडपीठाने तब्लिगच्या २९ परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले. त्या लोकांना बळीचा बकरा बनवलं गेल्याचं निरीक्षण न्यायालयाने नोंदवलं.

निकाल आले, पण मनातली किल्मिषं राहिली. सरकारी गाडी गल्लीत शिरली की 'आता काय नवं?' असं वाटणारी घरं आजही आहेत. नाव यादीत गेलं की बोट आपल्याकडेच दाखवलं जाईल, ही भीती अजून गेलेली नाही. आरोग्य खात्याने हे समजून घेतलं पाहिजे. वस्तीत जाताना धमकीची भाषा नको, आशासेविकेला एकटीला पुढे ढकलू नका. मशिदीच्या ट्रस्टींना, मदरशाच्या उस्तादांना, बचत गटाच्या बायकांना सोबत घ्या.

पण आपणही एक गोष्ट समजून घेऊ. ज्यांनी आपली बदनामी केली त्यांच्यावरचा राग काढायला आपली अम्मी, आपले अब्बा पणाला लावायचे का? अविश्वासाची किंमत टीव्हीवरचे लोक मोजत नाहीत. ऑक्सिजनच्या खाटेवरचा आपला माणूस मोजतो.

अफवांचंही एकदाचं संपवू. आपल्याकडे सर्वाधिक दिल्या गेलेल्या कोविशील्डच्या घटकांच्या जाहीर यादीत जिलेटिन नाही, डुकराचा कुठलाही अंश नाही. मूल होत नाही, या अफवेला कुठलाही आधार मिळालेला नाही. २०२१चा हज फक्त सौदी अरेबियात राहणाऱ्या साठ हजार लोकांसाठी झाला, तोही लसवंतांसाठीच. उमऱ्याला जायचं तरी तेव्हा लशीचा दाखला मागत. हरमच्या दारात जी अट होती ती आपल्या दारात हराम कशी होईल?

हजरत उमर थांबले होते

काही घरांत अजूनही ऐकू येतं: 'मौत जेव्हा लिहिली आहे तेव्हा येणार, लस घेऊन काय होणार?' या प्रश्नाचं उत्तर चौदाशे वर्षांपूर्वी मिळालेलं आहे.

हजरत उमर रजि. शामच्या सफरीवर निघाले होते. सरग या ठिकाणी त्यांना खबर मिळाली की पुढे शामच्या भूमीत ताऊन, म्हणजे प्लेग पसरला आहे. त्यांनी काय केलं? आधी सोबतच्या सहाबांचा सल्ला घेतला. मतं वेगवेगळी पडली. मग अनुभवी ज्येष्ठांना बोलावलं आणि परत फिरण्याचा निर्णय घेतला. हजरत अबू उबैदा रजि. यांनी विचारलं की हे अल्लाहच्या तकदीरीपासून पळणं नाही का? त्यावर हजरत उमर यांचा आशय असा होता की आपण अल्लाहच्या एका तकदीरीकडून त्याच्याच दुसऱ्या तकदीरीकडे जात आहोत. नंतर हजरत अब्दुर्रहमान बिन औफ रजि. आले आणि त्यांनी रसूलुल्लाह स. यांची शिकवण सांगितली: साथ असलेल्या प्रदेशात जाऊ नये आणि आपण असू तिथे साथ आली तर तिथून पळून जाऊ नये.

या प्रसंगाकडे आजच्या नजरेने बघा. खबर आली, ती ऐकली, जाणकारांना विचारलं, सगळ्यांचा विचार करून निर्णय घेतला. तवक्कुल म्हणजे खबरीकडे कानाडोळा करणं नव्हे. रोज संध्याकाळी येणारा आकडाही एक खबर होती. ती अपुरी असेल तर ती पुरी करणं, हे आपलं काम.

नोंद का हवी? कारण पुढे कागद लागतो

'माझं नाव सरकारी यादीत गेलं तर मला काय मिळणार?' हा प्रश्न वस्तीत सरळ विचारला जातो. त्याचं सरळ उत्तर देऊ.

पहिलं, मदत. मुंबईच्या २४ वॉर्डांत वॉर रूम होत्या, चेंबूरचीही स्वतंत्र होती. सरकारी असो की खाजगी, कोविडच्या खाटा वॉर रूममार्फत मिळत. घरी असलेल्या रुग्णाची चौकशीही तिथूनच होई. नोंदच नसेल तर रात्री दोन वाजता अब्बांचा दम लागला की पहिला तास 'चाचणी केली का, रिपोर्ट कुठे आहे' यातच जाई.

दुसरं, हक्क. कोविडने मृत्यू झालेल्याच्या कुटुंबाला ५० हजार रुपयांचं सानुग्रह अनुदान मिळत होतं. सर्वोच्च न्यायालयाने ४ ऑक्टोबर २०२१ला त्यावर शिक्कामोर्तब केलं आणि राज्य सरकारने ऑनलाइन अर्ज सुरू केले. नियम असा होता की चाचणी पॉझिटिव्ह आल्यापासून किंवा रुग्णालयात कोविडचं निदान झाल्यापासून ३० दिवसांत मृत्यू झाला असेल तर तो कोविडचा धरला जाई, मग मृत्यू घरी झालेला असला तरी. पण त्यासाठी रिपोर्ट किंवा रुग्णालयाचा कागद लागायचा. कचऱ्यात टाकलेल्या किटच्या दोन रेघा कुठल्या कचेरीत दाखवणार? दुसऱ्या लाटेत घरचा कमावता गेला आणि कागद नाही म्हणून अर्ज अडला, अशी कुटुंबं आपल्या आसपास आहेत. ज्यांचा अर्ज नामंजूर झाला त्यांना तक्रार निवारण समितीकडे दाद मागता येत होती.

तिसरं, वस्तीचा वाटा. दवाखाने, लसीकरणाची शिबिरं, फिरती पथकं रुग्ण दिसतात तिकडे पाठवली जातात. ज्या गल्लीत कागदावर रुग्णच नाहीत तिच्याकडे कोण वळणार?

आता करायचं काय

२०२२चा रमजान जवळ आला होता. चंद्रदर्शनावर अवलंबून, पण साधारण एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात. २०२० आणि २०२१, सलग दोन रमजान मस्जिदींची दारं बंद राहिली, ईदची नमाज घरात झाली. त्या वर्षी तरावीह जमातीने व्हावी असं प्रत्येकाला वाटत होतं. मग त्याची तयारी जानेवारीतच सुरू करावी लागणार होती, आणि त्यामागे साधा हिशेब होता.

कोविशील्डच्या दोन डोसांत तेव्हा ८४ दिवसांचं अंतर लागत होतं. २६ जानेवारीला पहिला डोस घेतला तर दुसरा २० एप्रिलला येत होता. तोवर रमजान अर्ध्याच्या पुढे गेलेला असणार होता. कोव्हॅक्सिनचं अंतर २८ दिवसांचं होतं. २६ जानेवारीला पहिला घेतला तर दुसरा २३ फेब्रुवारीला, म्हणजे रमजानच्या बऱ्याच आधी. 'रमजान झाल्यावर बघू' म्हणणाऱ्यांनी हे कॅलेंडर भिंतीवर लावायला हवं होतं. आणि कुणाचा डोस रोजात आलाच तर अडचण नाही. दंडात घेतलेल्या इंजेक्शनने रोजा तुटत नाही, असं सौदी अरेबियाचे तेव्हाचे मुफ्ती-ए-आझम शेख अब्दुल अझीझ आल-शेख यांनी २०२१मध्येच स्पष्ट केलं होतं.

घरात ज्यांचं वय साठीच्या पुढे आहे, साखर आहे, बीपी आहे, त्यांच्यापासून सुरुवात करा. त्यांचे दोन डोस होऊन नऊ महिने झाले असतील तर १० जानेवारी २०२२पासून तिसरा, खबरदारीचा डोस सुरू झाला होता. दादी अंथरुणाला खिळून असेल तर घरी येऊन लस देण्याची पालिकेची सोय ऑगस्ट २०२१पासून होती. १५ ते १८ वर्षांच्या मुलामुलींना ३ जानेवारी २०२२पासून कोव्हॅक्सिन मिळू लागलं. चेंबूरकरांना चुनाभट्टीचं सोमय्या मैदानावरचं केंद्र जवळ पडत होतं. आधार कार्ड नसेल तर मतदार ओळखपत्र, पॅन, पासपोर्ट, वाहन परवाना यांपैकी काहीही चालत होतं.

कुणी आजारी पडलं तर लपवू नका. किट पॉझिटिव्ह आलं तर तो निकाल पक्का धरा. किट निगेटिव्ह आलं पण ताप-खोकला आहे, तर आरटी-पीसीआर करा. पालिकेच्या केंद्रांवर ती तेव्हा मोफत होत होती. खाजगी लॅबसाठीही सरकारने दर ठरवून दिले होते, घरी बोलावलं तर ७०० रुपये. 

जानेवारी २०२२च्या नियमाने घरी राहण्याचे दिवस सात होते, शेवटचे तीन दिवस ताप नसावा लागे. परत चाचणीची गरज नव्हती. एका खोलीच्या घरात वेगळं राहायचं कसं, हा प्रश्न आम्हालाही पडतो. निदान रुग्णाने आणि वडीलधाऱ्यांनी मास्क लावावा, खिडकी-दार उघडं ठेवावं, दादी-नानीची झोपायची सोय आठवडाभर दुसरीकडे करता आली तर करावी. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर ९३ किंवा त्याखाली दिसलं, दम लागला, छातीत दुखलं, माणूस बरळायला लागला, तर वाट बघू नका. आणि शेजाऱ्याच्या चिठ्ठीवरून स्टेरॉइडच्या गोळ्या घेऊ नका. २०२१मध्ये साखर असलेल्यांना काळ्या बुरशीने काय केलं, ते विसरायला नको.

मस्जिदींच्या ट्रस्टींना एक विनंती. येत्या जुम्याच्या खुतब्याआधी पाच मिनिटं या विषयाला द्या. त्याहून मोठं काम म्हणजे एक वही करा. मोहल्ल्यातल्या चार तरुणांनी आणि चार मुलींनी घरोघर जाऊन तीनच गोष्टी लिहाव्यात: साठीच्या वरचं कोण आहे, पहिला डोस झाला का, दुसरा झाला का. आजाराचं नाव नको, कागदपत्रं नकोत, कुणाला बोल लावायचा नाही. ज्यांची जागा वहीत कोरी राहील त्यांना रिक्षाने केंद्रावर न्यायचं आणि परत सोडायचं. रोजंदारीवाल्याचा एक दिवस बुडणार असेल तर त्या दिवसाची मजुरी सदक्यातून द्या. यापेक्षा चांगला सदका सध्या आम्हाला तरी दिसत नाही.

आणि महापालिकेला एवढंच सांगणं: संध्याकाळच्या पत्रकात शहराचा एकच मोठा आकडा असायचा. एम पश्चिममध्ये सोसायट्यांत किती चाचण्या झाल्या, वस्त्यांत किती, साठीवरच्या किती जणांचा एकही डोस झालेला नाही, हे वस्तीनिहाय जाहीर करा. जुलै २०२०मध्ये याच चेंबूरमध्ये तुम्ही दारोदार जाऊन रक्त तपासलं तेव्हा खरं चित्र समोर आलं होतं. लसीकरणासाठीही तसंच दारोदार या. संध्याकाळी कामावरून लोक परततात तेव्हा या, जुम्याच्या नमाजनंतर या.

ती लाट ओसरली. पुढची येणार की नाही, हे आज कुणी सांगू शकत नाही. पण ती आलीच तर ऑक्सिजनच्या खाटांवरच्या बिनलशीच्या माणसांत आपल्या मोहल्ल्यातलं एकही नाव नसावं. पुढच्या जुम्यापर्यंत ती वही तयार झाली पाहिजे.